रस्ताच निघाला नाही

दिवाळी अंकासाठी संपादकांनी माझ्याकडे कथा मागितली होती. फराळाच्या ताटाशेजारी बसून वाचता येईल, घरातल्या आजीपासून नातवापर्यंत सर्वांना आवडेल, अशी हलकीफुलकी कथा. मी हो म्हटले होते. कथेचा आराखडाही मनात तयार होता. पण लिहायला बसलो की एका तेरा वर्षांच्या मुलीचा चेहरा समोर येऊन उभा राहतो आणि लेखणी पुढे सरकत नाही. तेव्हा वाचकांनी आणि संपादकांनी मला यंदापुरती क्षमा करावी. ताटात करंजीबरोबर कडबोळेही असते. हा लेख कडबोळ्याच्या जातीचा आहे, आणि चावताना थोडा कडक लागला तर तो दोष पिठाचा नाही, तळणाऱ्याचा आहे.

मी जळगावात शिक्षक आहे. आमच्या शाळेचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण जे घडले ते कोणत्याही शाळेत घडू शकते आणि रोज घडते. शाळेच्या फाटकाची जबाबदारी मजकडे आहे. घंटा झाल्यावर दहा मिनिटांनी फाटक लावायचे, हा आमचा नियम. नियम कडक आहे, पण तो मीच सुचवलेला, आणि तो पाळतो म्हणून मला थोडा अभिमानही होता.

सहामाही परीक्षेत आठवीचा गणिताचा पेपर होता. साडेनवाला पेपर सुरू झाला. नऊ चाळीसला मी फाटक लावले. नऊ सत्तेचाळीसला ती मुलगी धापा टाकीत आली. गिरणेपलीकडच्या एका गावाहून ती रोज येते. मी फाटकाआडून तिला म्हणालो, “घरून वेळेवर निघायला काय होतं?” ती काही बोलली नाही. कंपासपेटी छातीशी धरून उभी राहिली, आणि थोड्या वेळाने पाठ फिरवून गेली.

दुसऱ्या दिवशी तिची आई आली. ती भांडायला आली नव्हती. पदराने कपाळ पुसून एवढेच म्हणाली, “सर, पोर तं साडेआठलेच निंघनी व्हती. रस्ताच नही निंघना.”

मी कादंबऱ्या लिहितो. वाक्ये जुळवणे हा माझा उद्योग आहे. पण आमच्या शहराच्या व्यथेवर याहून नेमके वाक्य मला आजवर सुचले नव्हते. मुलगी निघाली होती, रस्ताच निघाला नाही! आणि शिक्षा मात्र मुलीला झाली.

हा रस्ता म्हणजे काही आडगावची पायवाट नव्हे. हा राष्ट्रीय महामार्ग आहे. पूर्वी याला सहा क्रमांक होता. हजिऱ्यापासून कोलकात्यापर्यंत देश आडवा कापत जाणारा, म्हणून त्याची ख्याती. २०१० च्या नव्या क्रमवारीत तो त्रेपन्न झाला. सुरतेकडून येतो, धुळ्याला मुंबई–आग्रा रस्त्याला छेद देतो, मग पारोळा, एरंडोल, पाळधी करीत बांभोरीजवळ गिरणा ओलांडतो आणि जळगावात शिरतो. खोटेनगर, शिवकॉलनी, प्रभात चौक, आकाशवाणी चौक, इच्छादेवी, अजिंठा चौफुली, कालिंका मातेचे मंदिर, आणि मग भुसावळची वाट. खोटेनगरपासून कालिंका मातेपर्यंत सुमारे सात किलोमीटर. देशाच्या नकाशावर केसाएवढी रेघ. पण हेच सात किलोमीटर आणि अलीकडचा गिरणेवरचा पूल मिळून आमच्या शहराचा दिवस कसा जाईल ते ठरवतात.

या रस्त्याने सुरतेचा कापड भरलेला ट्राला जातो आणि नागपूरकडचा ट्रक येतो. हा रस्ता ओलांडूनच औद्योगिक वसाहतीतल्या डाळमिलच्या आणि चटईच्या कारखान्याच्या पाळ्या भरतात. याच रस्त्याने बांभोरीच्या विद्यापीठात मुले जातात. एस.टी. जाते, काळी-पिवळी जाते, ॲपे रिक्षा जाते, कापसाचा ट्रॅक्टर जातो, दुधाच्या किटल्या लटकवलेली फटफटी जाते आणि पाठीला दप्तर लावलेली सायकलही जाते. हजार मैलांचा प्रवासी आणि हजार पावलांचा प्रवासी एकाच अरुंद ताटात जेवायला बसवले आहेत. मग कोणाचा तरी हात दुसऱ्याच्या वाटीत जाणारच.

मुलीची आई गेल्यावर मला स्वस्थ बसवेना. मी एक उद्योग केला. पाच दिवस ओळीने भल्या सकाळी नदीपलीकडे जाऊन, मुले निघतात त्याच वेळेस, त्यांच्याच वाहनातून शाळेकडे आलो. चार दिवस काही झाले नाही. रस्ता सज्जनासारखा वागला. मला वाटू लागले, आईने लेकीची बाजू घेतली असावी. पाचव्या दिवशी पुलाच्या तोंडाशी एक ट्रक बंद पडला. बस, एवढेच! अपघात नाही, पाऊस नाही, मोर्चा नाही. एक ट्रक बंद पडला, आणि मी माझ्याच शाळेला उशिरा पोचलो. फाटक त्या दिवशी दुसऱ्या शिक्षकाने लावले होते.

त्या पाच दिवसांत मला जे समजले ते आमच्या साऱ्या सरकारी अहवालांत कोठे दिसत नाही. प्रश्न रस्ता मंद असण्याचा नाही. तो भरवशाचा नसण्याचा आहे. रोज तासच लागत असता तर माणसाने तासाची सवय केली असती. बैलगाडीच्या काळात आमचे आजोबा जळगावच्या बाजाराला पहाटे निघत आणि दिवस वर आला की पोचत. गाडी मंद होती, पण तिचा शब्द खरा होता. आजचा रस्ता वेगवान आहे आणि खोटारडा आहे.

गणिताशी माझा संबंध मॅट्रिकपुरता. पण मॅट्रिकचे गणितही पुरेसे आहे, करून पाहा. समजा, चार दिवस पंचवीस मिनिटे लागली आणि पाचव्या दिवशी साठ. बेरीज एकशे साठ, सरासरी बत्तीस मिनिटे. साहेबांच्या कागदावर हा रस्ता बत्तीस मिनिटांचा. छान! पण त्या मुलीने बत्तीस मिनिटे हाताशी ठेवून घर सोडले तर आठवड्यातून एकदा तिच्या नावापुढे उशिराची खूण पडणार. ती खूण टाळायची तर तिने रोजच साठ मिनिटे आधी निघायला हवे, कारण पाचवा दिवस कोणता हे रस्ता तिला सांगत नाही. म्हणजे चार दिवस ती पस्तीस मिनिटे आधी पोचून बंद शाळेच्या पायरीवर बसणार. आठवड्याला एकशे चाळीस मिनिटे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी वर्षाला २२० दिवस आणि १००० तास शिकवणे ठरवून दिले आहे. २२० दिवस म्हणजे पाच दिवसांचे चव्वेचाळीस आठवडे. करा गुणाकार. सहा हजार एकशे साठ मिनिटे, म्हणजे शंभर तासांहून अधिक! कायद्याने दिलेल्या शिक्षणाच्या दहाव्या हिश्श्याहून मोठा काळ रस्त्याच्या लहरीखातर पायरीवर बसून घालवायचा, आणि हा हिशेब केवळ सकाळचा आहे. संध्याकाळचा हिशेब मी मुद्दामच केला नाही. सणासुदीला फार वाईट बोलू नये म्हणतात.

हा एक कर आहे. सरकारच्या अंदाजपत्रकात तो नाही, पावती त्याची मिळत नाही, आणि माफीचा अर्ज कोठे करायचा ते कोणी सांगत नाही. शिवाय हा कर उलटा आहे. ज्याच्याजवळ पुष्कळ आहे त्याला तो थोडा पडतो. कारखान्याचा मालक अडकला तर गाडीत बसून फोन करतो, बैठक अर्धा तास पुढे ढकलतो. मजूर अडकला तर त्याचा अर्धा रोज कापला जातो. वकील अडकला तर पुढची तारीख घेतो. परीक्षेला निघालेले पोर अडकले तर त्याला पुढची तारीख नसते. आणि ज्या घरातली सर्व माणसे अर्धा तास आधी निघतात, त्या घरातली चूल अर्धा तास आधी पेटते. ती कोण पेटवते, ते वाचकांना सांगायला नको. पुलावर बंद पडलेल्या त्या ट्रकची किंमत नदीपलीकडच्या एका माउलीने पहाटेच्या झोपेतून भरलेली असते.

आणि ज्याला वेळ म्हणजे केवळ सोय नसून प्राण आहे, त्याचे काय? मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, तेव्हा अपघातानंतरच्या पहिल्या तासाला कायद्याने नाव दिले. त्याला सुवर्ण तास म्हणतात. त्या तासात उपचार मिळाला तर माणूस वाचण्याची शक्यता सर्वांत जास्त. सोने एवढे मोलाचे म्हणून नाव दिले, आणि ते सोने घेऊन जाणारी रुग्णवाहिका चौकात भोंगा वाजवीत उभी! पुढच्याला बाजूला व्हायचे असते, पण बाजू असेल तर ना?

आता या विषयावर आमचे मित्र आणि अधिकारी जी उत्तरे देतात, ती एकेक पाहू.

पहिले उत्तर : “लवकर निघत जा.” हे मीही त्या मुलीला सुनावले होते, म्हणून यातली क्रूरता मला चांगली ठाऊक आहे. किती लवकर? रस्ता आज पंचवीस मिनिटे घेणार की सत्तर, हे जोवर कोणी सांगत नाही, तोवर लवकर या शब्दाला अर्थ नाही. मुक्कामालाच ये म्हणा, म्हणजे झाले!

दुसरे उत्तर : “मुंबईच्या मानाने तुमचे जळगाव ते काय?” ही तुलना ऐकून आमची मंडळी खजील होतात. होऊ नये. मुंबईत रस्ता तुंबला तर खाली लोकल आहे, आणि एक गेली तर थोड्या मिनिटांत दुसरी आहे. आमच्याकडे गल्लीबोळातून एक वेळ वाट काढता येईल. गिरणेतून कशी काढावी? ज्याला दुसरी वाट नाही त्याची अडचण लहान गावची म्हणून लहान ठरत नाही. आणि रेल्वेचेच म्हणाल, तर भुसावळ–जळगाव–चाळीसगाव अपडाउन करणाऱ्या आमच्या हजारो भावांना विचारा. गाडी उशिरा येतेच. पण स्थानकावर कर्ण्यातून सांगतात, अमुक गाडी वीस मिनिटे उशिराने धावत आहे. ऐकून माणूस चडफडतो, चहा घेतो, साहेबाला निरोप धाडतो. रेल्वे आपली चूक सर्वांसमक्ष कबूल करते, कारण तिने वेळापत्रक छापलेले असते. रस्ता कधीच उशिरा नसतो. त्याने कधी वेळ दिलेलीच नसते! ज्याने वचनच दिले नाही त्याला वचनभंगाचा दोष कसा लावावा?

तिसरे उत्तर सर्वांत भारदस्त : “रस्ता रुंद होतो आहे, बाह्यवळण होते आहे, उड्डाणपूल होतील, मग सारे ठीक होईल.” रस्ता रुंद व्हावा, या मताचा मीही आहे. समांतर रस्त्यांसाठी जळगावकरांनी वर्षानुवर्षे आंदोलने केली, उपोषणे केली, या महामार्गावर आपली माणसे गमावली. त्या मागणीला नावे ठेवणारा मी कोण? पाळधी ते तरसोद हे बाह्यवळणही हवेच. सुरतेच्या ट्राल्याला आकाशवाणी चौक पाहण्याची हौस नसते. पण बाह्यवळणाने परका ट्रक बाहेरून जाईल. डाळमिलचा कामगार, विद्यापीठाचा विद्यार्थी आणि आमची आठवीतली मुलगी कोठून जातील? त्यांना शहरातच यायचे आहे. सकाळची साडेआठ ते साडेदहाची गर्दी ही मुख्यतः आपलीच आहे.

आणि रुंदीने गर्दी संपत नाही, हे जगाने केव्हाच पाहिले आहे. अँथनी डाउन्स या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६२ सालीच दाखवून दिले की शहरातला मोठा रस्ता रुंद केला की गर्दीच्या वेळी तो पुन्हा भरेपर्यंत वाहने येतच राहतात. जो आधी उशिरा निघत होता तो वेळेवर निघू लागतो, जो दुसऱ्या रस्त्याने जात होता तो इकडे वळतो, जो बसने जात होता तो फटफटी घेतो. आमच्या डोळ्यांसमोरचे उदाहरण हवे तर मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग घ्या. २००२ साली तो पूर्ण झाला तेव्हा केवढे कौतुक! आणि आज दिवाळीच्या सुट्टीत त्याच मार्गावर, खंडाळ्याच्या घाटात, किती कुटुंबांनी गाडीतच फराळाचे डबे उघडले असतील, ते वाचकांनीच आठवावे.

गर्दीचे एक मर्म आहे. काठोकाठ भरलेल्या वाटीत एक चमचा टाकला तर सांडते. अर्ध्या वाटीत चार चमचे टाका, काही होत नाही. रस्ता जोवर थोडा मोकळा असतो तोवर बंद पडलेला ट्रक, वळणारी रिक्षा, रस्त्यावर आलेली वरात, असले धक्के तो पोटात घालतो. काठोकाठ भरला की त्याच धक्क्याने मैलभर रांग लागते. शिवाय रांग लागायला पाच मिनिटे पुरतात आणि सुटायला अर्धा तास लागतो, कारण पुढचे एक वाहन सुटेपर्यंत मागे दोन येऊन उभी राहतात. म्हणूनच सर्व वाहने हटवावी लागत नाहीत; थोडी हटली तरी पुरते. स्टॉकहोम शहराने २००६ साली गर्दीच्या वेळी शहरात शिरणाऱ्या मोटारींवर कर बसवून पाहिला. वाहने सुमारे एक पंचमांशाने कमी झाली, आणि तेवढ्याने रांगा पार ओसरल्या. पुढच्या वर्षी त्यांनी तो कायम केला. आम्हांला कर नको; आमच्याकडे पोटाला चिमटा काढून घेतलेली फटफटी आहे, चैनीची मोटार थोडी. पण पाचातले एक वाहन त्या दोन तासांत कमी करण्याचे दुसरे मार्ग आहेत, ते पुढे सांगतो.

चौथे उत्तर : “लोकांना शिस्त नाही.” हे खरे आहे आणि ते मी टाळणार नाही. उलट्या बाजूने गाडी कोण दामटतो? आपणच. चौकाच्या तोंडाशी गाडी लावून पणत्यांचा भाव करायला कोण उतरतो? आपणच. रिक्षाला हात करून रस्त्याच्या मधोमध उभी कोण करतो? वाचकहो, हा अंक वाचणाऱ्या प्रत्येक घरात त्यातला एक गुन्हेगार आहे, आणि हा लेख लिहिणाऱ्या घरात दोन आहेत. पण बेशिस्तीचेही मूळ पाहा. रेशनच्या रांगेत माल सर्वांना पुरणार अशी खात्री असली की माणसे सरळ उभी राहतात. पुरणार नाही असे वाटले की ढकलाढकल सुरू होते. भरवसा गेला की शिस्त जाते. ज्याला माहीत आहे की ही रांग दहा मिनिटांत हलेल, तो उलट्या बाजूला घुसत नाही.

मग आमच्याकडे करण्याची ताकद नाही काय? आहे, आणि ती याच महामार्गाने जगाला दाखवली आहे. २०२२ च्या जून महिन्यात अमरावती आणि अकोल्याच्या दरम्यान, याच त्रेपन्न क्रमांकाच्या महामार्गावर, पंचाहत्तर किलोमीटर लांबीचा डांबरी पट्टा सलग एकशे पाच तास आणि तेहतीस मिनिटांत अंथरला गेला. पाच दिवसही लागले नाहीत! कतारच्या दोहा शहराचा पंचवीस किलोमीटरचा विक्रम मोडला, गिनेसच्या पुस्तकात नाव लागले. सातशेवर माणसांनी रात्रंदिवस खपून ते केले. त्या मजुरांना आणि अभियंत्यांना माझा मनापासून नमस्कार. पण मिनिटामिनिटाचा हिशेब कधी ठेवला गेला, ते पाहा. रस्ता बांधायला एकशे पाच तास तेहतीस मिनिटे लागली, हे आम्ही जगाला सांगितले. त्याच महामार्गावर गिरणेच्या पुलापासून अजिंठा चौफुलीपर्यंत यायला एका मुलीला किती मिनिटे लागतात, हे कोणी मोजले नाही. घड्याळ आमच्यापाशी आहे. ते विक्रमाच्या दिवशी काढतो आणि मग पेटीत ठेवतो.

टोलनाक्याचेही असेच. २०२१ च्या मे महिन्यात महामार्ग प्राधिकरणाने सांगितले होते की गर्दीच्या वेळीसुद्धा टोलनाक्यावर एका वाहनाला दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागू नये आणि रांग शंभर मीटरच्या पुढे जाऊ नये. त्यासाठी पिवळी रेघही आखायची होती. त्या नियमाचे पुढे काय व्हायचे ते होवो. पण पैसे घेण्याच्या जागी दहा सेकंदांचा विचार सुचतो, आणि ज्या चौकात पैसे घ्यायचे नसतात तेथे तासाचाही सुचत नाही, हे मोठे विचार करण्यासारखे आहे.

खान्देशाला हे शोभत नाही. धुळ्याची पेठ पाहा. १८१८ साली इंग्रजी अंमल आल्यावर कॅप्टन ब्रिग्ज याने ती आखली, तेव्हा मोटारीचा जन्मही झाला नव्हता. तरी सरळ रुंद रस्ते ठेवण्याची बुद्धी झाली. विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले आणि तरुणपणीच त्यांना धुळ्याकडे पाठवण्यात आले. पांझरेच्या प्रवाहाखालून दातर्तीला त्यांनी पाण्याची नळवाट नेली. पुढे साऱ्या देशात कीर्ती झाली ती त्यांच्या धरणांची आणि त्यांच्या घड्याळाची. ज्या मातीत त्या माणसाने नोकरीचे पहिले धडे गिरवले, त्या मातीत आज तीन महामार्ग येऊन मिळतात. जुन्या क्रमांकांनी तीन, सहा आणि दोनशे अकरा, तिन्ही धुळ्याला भेटत. रस्त्यांचे एवढे माहेर दुसरे कोठे आहे? आणि याच माहेरच्या लेकीबाळींना वेळेवर पोचण्याची शाश्वती नसावी?

केवळ दोष काढून थांबणे हे शिक्षकाचे काम नव्हे. वहीवर लाल रेघ ओढली की समासात बरोबर उत्तर लिहावे लागते. म्हणून चार गोष्टी मागतो. त्यांतली एकही कोट्यवधींची नाही.

पहिली, मोजा आणि छापा. बांभोरी ते अजिंठा चौफुली, सकाळी साडेआठ ते साडेदहा आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेसात, रोज किती मिनिटे लागली ते टिपा. महिन्याच्या अखेरीस चौकात फलक लावा. सरासरी लिहून आमची समजूत घालू नका. वीस दिवसांत जो सर्वांत वाईट दिवस होता त्याची मिनिटे मोठ्या अक्षरांत लिहा. हल्ली प्रत्येकाच्या खिशातला फोन रस्त्याची गर्दी दाखवतो. सरकारला ती दिसत नाही असे कोण म्हणेल? ज्या दिवशी तो फलक लागेल त्या दिवशी रस्त्याने प्रथमच वचन दिले असे होईल, आणि मग आम्हांला ते मोडल्याचा जाब विचारता येईल.

दुसरी, बंद पडलेले वाहन उचलण्याचा यांत्रिक पाळणा त्या चार तासांत पुलापाशी आणि चौफुलीपाशी उभा ठेवा. त्या दिवशीचा ट्रक दहा मिनिटांत बाजूला झाला असता, तर मी हा लेख लिहिलाच नसता.

तिसरी, मुलांच्या आणि कामगारांच्या वेळेत जड वाहनांना शहराबाहेर थांबवा, आणि शाळा, कारखाने, कचेऱ्या यांच्या वेळांत अर्ध्या तासाचे अंतर ठेवा. सर्वांनी एकाच मुहूर्तावर घर सोडावे असे कोणत्या पंचांगात लिहिले आहे? यासाठी दगड-विटा लागत नाहीत, एका टेबलाभोवती चार माणसे बसावी लागतात. आपल्याकडे तेच अवघड.

चौथी, बस. एक बस पन्नास माणसे नेते आणि दोन-तीन मोटारींची जागा खाते. पन्नास फटफट्या आणि एक बस यांतले गणित चौथीच्या मुलालाही सुटते. पण बसही भरवशाची हवी. तासाने येणारी बस ही बस नव्हे, ती लॉटरी. दर दहा मिनिटांनी नेमाने येणारी साधी बस द्या; पाचातली एक फटफटी आपोआप घरी राहील.

आणि पाचवी गोष्ट सरकारकडे मागायची नाही. ती आपल्याकडची आहे. या दिवाळीत खरेदीला निघाल तेव्हा गाडी चौकाच्या तोंडाशी लावू नका. तुमच्या पाच मिनिटांच्या सोयीमागे कोणाचे तरी फाटक बंद होते.

त्या मुलीचे पुढे काय झाले, असे कोणी विचारील. मी मुख्याध्यापकांकडे गेलो, चूक कबूल केली, आणि तिची गणिताची परीक्षा पुन्हा घेतली. तिने पेपर चांगला सोडवला. पेपर देताना ती मला म्हणाली, “सर, मी आता पहाटेच निघत जाईन.” तिला ती तक्रार वाटत नव्हती. ती समजूतदारपणे बोलत होती, आणि मला लाज वाटली ती याच समजूतदारपणाची. तेराव्या वर्षी त्या पोरीने धरून चालले आहे की रस्ता खोटेच बोलणार, तेव्हा आपण झोप कमी करावी.

आमच्याच जिल्ह्यात, अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात, १९२४ पासून सहा वर्षे साने गुरुजी शिक्षक होते. फाटक लावताना मला हल्ली त्यांची आठवण होते. मी आता दहा मिनिटांनी फाटक लावीत नाही. उशिरा आलेल्याला आधी विचारतो, कोठे अडकलास? आणि उत्तर एका वहीत तारीखवार लिहून ठेवतो. पूल, खड्डा, ट्रक, वरात, ताफा, पुन्हा पूल. ती वही भरत आली आहे. पण माझे फाटक उघडे राहिल्याने प्रश्न सुटत नाही. कारखान्याचे फाटक आहे, इस्पितळाचे आहे, नोकरीच्या मुलाखतीचे आहे. ती सारी फाटके काही कादंबरीकाराच्या ताब्यात नाहीत.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा पुण्या-मुंबईहून, सुरतेहून लेकरे घरी निघालेली असतील. भाऊबीजेला कोणी बहीण ताट सजवून दारात बसलेली असेल आणि भाऊ फोनवर सांगत असेल, “ताई, पुलावर आहे, आलोच.” आलोच म्हणजे केव्हा, हे त्यालाही ठाऊक नसेल. निरांजनात तूप पुन्हा एकदा घालावे लागेल.

माझी वही मी दिवाळीनंतर संबंधित कचेरीत नेऊन देणार आहे. तुमच्याही घरात अशी एक वही असू द्या. किती वाजता निघालो, किती वाजता पोचलो, एवढेच लिहा. सरकार मोजत नसेल तर आपण मोजू.